खालीं बसविलेल्या मोटारीचे टायर

बंडीच्या चाकावर लोहार धांव चढवितो, तो देखावा वऱ्हाडांत आतां क्वचितच पाहावयास मिळतो. लोखंडी कडें चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान ठेवावयाचें, गोवऱ्यांच्या आगींत तें लाल करावयाचें, सांडशींनीं उचलून चाकावर ठोकून बसवावयाचें आणि लागलीच वरून पाणी ओतावयाचें. निवतांना लोखंड आकसतें आणि तुंबा, आरे व पुठ्ठे यांना अशी मिठी मारतें कीं, वर्षानुवर्षें तें चाक खिळखिळें होत नाहीं. या कामांत लोहाराचें कसब मोठें. परंतु चाक केवढें असावें हें त्यानें कधीं ठरविलें नाहीं, आणि सुतारानेंही ठरविलें नाहीं. तें पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या मातीनें ठरविलें. मृगाच्या सरीनंतर त्या मातींत लहान चाक रुततें आणि मोठें चाक निघून येतें. बंडीचा धनी हौशी असला तर तो बैलांच्या शिंगांना रंग देई, झुलींना आरसे लावी. चाकाच्या उंचीशीं मात्र तो खेळत नसे.

आज हाच प्रश्न वऱ्हाडांत निराळ्या रूपानें उभा राहतो. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या जुन्या घराच्या अंगणांत, ताडपत्रीखालीं, आजोबांची फियाट उभी असते. शेट वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीनें ती मुंबईस कुर्ला येथें बांधलेली. पुढें १९७४ च्या सुमारास तिला 'पद्मिनी' हें नांव मिळालें आणि शतक संपतां संपतां तिचें उत्पादन थांबलें. मुंबईंतील अखेरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या शेवटीं रस्त्यावरून उतरली. परंतु घरगुती गाड्या उरल्या आहेत. असें समजूं कीं, एखादा नातू ती गाडी बाहेर काढतो, कार्ब्युरेटर साफ करवून घेतो, रंग देतो, आणि मग चार पावलें मागें सरून तिच्याकडे पाहतांना त्याला वाटतें कीं, ही जरा उंच दिसते. खालीं बसविली तर शोभेल.

या हौसेस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मोटार जमिनीलगत असली म्हणजे तिचा गुरुत्वमध्य खालीं येतो व वळणावर ती कमी कलते, ही गोष्ट शर्यतीच्या मोटारींनीं सिद्ध केलेली आहे. शोभेसाठीं मोटार खालीं बसविण्याची चाल मात्र अमेरिकेंतील लॉस एंजलीस येथील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागें पाडली. त्यांतील कित्येक जण मोटारीच्या डिकींत वाळूचीं पोतीं ठेवीत, कित्येक जण स्प्रिंगेचे वेढे कापून टाकीत. अलीकडे मुंबई-पुण्याकडे आणि विशेषतः केरळांत जुन्या मोटारींवर हाच प्रयोग चालतो, आणि त्यांचीं छायाचित्रें वऱ्हाडापर्यंत येऊन पोंचतात. छायाचित्रांत मोटार उभी असते. ती चालतांना काय होतें तें त्यांत दिसत नाहीं.

मोटार खालीं आणण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला स्प्रिंगांचा. फियाटीच्या पुढच्या चाकांस वेढ्यांच्या स्प्रिंगा असतात व मागें पाट्यांची कमान असते. पुढची स्प्रिंग आंखूड केली, मागें कमान व आंस यांच्यामध्यें ठोकळा घातला, कीं सांगाडा आंसाच्या मानानें खालीं येतो. दुसरा मार्ग टायरांचा. घेर लहान असलेला टायर घातला म्हणजे आंस, इंजिनाचें तेलपात्र, सायलेन्सर, सारेंच जमिनीकडे सरकतें. बहुतेक हौशी मालक आधीं स्प्रिंगांना हात घालतात. मग मूळ उंचीचा टायर मडगार्डास घासूं लागतो. घासतो म्हणून लहान टायर आणला जातो. त्यानें गाडी पुन्हां खालीं जाते, आणि चाकाभोंवतालची पोकळी मोठी दिसूं लागल्यानें स्प्रिंग आणखी कापावीशी वाटते. या फेऱ्यांत सांपडलेली मोटार शेवटीं अंगणाची पायरीही ओलांडूं शकत नाहीं. एखादा जुना वऱ्हाडी मिस्त्री अशा वेळीं म्हणावयाचा, "गाडी तं बसली भाऊ, पन रस्ता कुठी बसला?"

तेव्हां क्रम उलटा करणें हेंच शहाणपणाचें होय. मोटार ज्या रस्त्यांवर चालावयाची त्या रस्त्यांकडे पाहून आधीं टायर निश्चित करावा, तो चाकावर चढवावा, आणि त्या टायरास सर्व बाजूंनीं मोकळीक ठेवून सांगाडा जेवढा खालीं येईल तेवढाच आणावा. हें म्हणणें साधें आहे; परंतु तें पाळावयाचें तर टायरावरचे आंकडे वाचतां आले पाहिजेत.

फियाटीचा मूळ टायर ५.२० - १४ या मापाचा. त्यांतील पहिला आंकडा टायराच्या रुंदीचा, इंचांत. दुसरा रिमेच्या व्यासाचा, तोही इंचांत. टायराची भिंत किती उंच हें त्यांत लिहिलेलें नसे, कारण त्या काळीं भिंतीची उंची जवळजवळ रुंदीएवढीच असे. या हिशेबानें त्या टायराचा सबंध व्यास सुमारें २४ इंच, म्हणजे ६१० मिलिमीटरांच्या आसपास भरतो. आतांच्या टायरावर १६५/६५ आर १४ असें कांहींसें लिहिलेलें असतें. येथें १६५ ही मिलिमीटरांत रुंदी. मधला ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ६५. आणि 'आर' हें अक्षर रेडियल बांधणीचें. गणित मालकास कागदावर करतां येतें. १६५ चे शेंकडा ६५ म्हणजे १०७ मिलिमीटर. त्याची दुप्पट २१४. त्यांत १४ इंचांचे ३५६ मिळविले कीं व्यास ५७० येतो. मूळ टायराहून हा चार सेंटिमीटरांनीं लहान, म्हणजे मोटार नुसत्या टायरानें दोन सेंटिमीटर खालीं उतरली.

दोन सेंटिमीटर म्हणजे काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. पण टायराचा घेर हा मोटारीच्या प्रत्येक गणितांत शिरलेला असतो. लहान टायर एका फेऱ्यांत कमी अंतर काटतो, म्हणून वेगाचा कांटा ८० दाखवितो तेव्हां गाडी ७५ नेंच चाललेली असते. अमरावतीहून अकोला साधारण १०० किलोमीटर. तेवढ्या प्रवासाला मीटरवर १०६ च्या पुढें आंकडा चढतो. त्याच वेगाला इंजिनास अधिक फेरे घ्यावे लागतात, आणि १०८९ घन सेंटिमीटरांच्या त्या लहानशा इंजिनाला वैशाखांत तसेंही पुरेसें काम असतें. याखेरीज भिंत जितकी आंखूड तितका खड्ड्याचा धक्का रिमेपर्यंत लौकर पोंचतो. मूळ टायराची उंच भिंत ही त्या मोटारीची अर्धी स्प्रिंगच होती, असें म्हटलें तरी चालेल.

याच्या उलट १६५/८० आर १४ या टायराचा व्यास ६२० येतो. मूळ टायराहून तो सेंटिमीटरभर मोठा. स्विफ्टसारख्या मोटारींना लागल्यामुळें तो गांवोगांव मिळतो, आणि वाटेंत मूर्तिजापुरास फुटला तरी बदलून घेण्याची आशा असते. १५५/८० आर १४ हा ६०४ चा, म्हणजे मूळ मापाच्या सर्वांत जवळचा. १७५/६५ आर १४ हा ५८३ चा, मधला. खालीं बसविलेल्या फियाटीकरितां निवड बहुधा या तिघांतच करावयाची असते, आणि त्यांत वऱ्हाडापुरतें पाहतां पहिल्या दोघांकडे झुकावें. १६५ रुंदीचा टायर मूळ टायराहून बराच रुंद असल्यानें जुनी अरुंद रिम त्यास पुरेशी आहे कीं नाहीं, हें टायर बनविणाऱ्याच्या कोष्टकांत पाहून घ्यावें. रुंद रिमेवर अरुंद टायर ताणून बसविण्याची जी नवी तऱ्हा निघाली आहे ती मात्र सर्वथैव टाकाऊ होय. तशा टायराची कड जोरकस वळणावर किंवा खड्ड्यांत रिमेवरून निसटूं शकते.

टायरावर मापानंतर आणखी एक आंकडा व एक अक्षर असतें. आंकडा भाराचा, अक्षर वेगाचें. ७९ म्हणजे एका टायरानें ४३७ किलो वजन पेलावें, ८५ म्हणजे ५१५ किलो. फियाट मुळांत ८९५ किलोंची. पांच माणसें व सामान धरून पावणे तेराशेंच्या घरांत जाते. चार चाकांना ती वांटली तरी मागच्या चाकांवर अधिक भार पडतो. तरीही दोन्ही आंकडे पुरेसे आहेत. भाराची चिंता फियाटीला फारशी नाहीं, ५.९० - १५ मापाच्या टायरांवर चालणाऱ्या जडशा अँबॅसडरच्या मालकानें ती अधिक करावी.

आतां रस्त्यांकडे वळावें. अमरावती व अकोला यांच्यामधील राष्ट्रीय महामार्ग ५३ हा आज जगप्रसिद्ध आहे. ३ जून २०२२ रोजीं सकाळीं लोणी गांवाकडून काम सुरू झालें, आणि १०५ तास ३३ मिनिटांत माना गांवापर्यंत एका पदराचा ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर अखंड टाकण्यांत आला. गिनेसच्या नोंदींत तो विक्रम म्हणून दाखल झाला. त्यापूर्वींचा विक्रम कतार देशाचा, सव्वापंचवीस किलोमीटरांचा होता. अशा रस्त्यावर खालीं बसविलेली मोटार सुरेख चालते यांत शंका नाहीं. परंतु कोणतीही मोटार महामार्गावर राहत नाहीं. ती गल्लींत राहते. लग्नाला दर्यापुरास जाते, यात्रेला आंतल्या खेड्यांत जाते. या भागांतली काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर बांधलेला लहान रस्ता दोन-चार वर्षांत लाटांसारखा खालींवर होतो. कंत्राटदारास त्याबद्दल जेवढा दोष दिला जातो त्यांतील कांहीं वांटा मातीचा आहे.

गतिरोधकाचा हिशेब तर मुद्दाम करून पाहावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणें गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असावा, आणि त्याची पाठ १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावी. फियाटीच्या पुढच्या व मागच्या आंसांत २.३४ मीटर अंतर आहे. अशा गतिरोधकावर ती मध्यावर आली असतां चारही चाकें त्याच्याच पाठीवर असतात, आणि पोटाखालचा उंचवटा भूमितीप्रमाणें अवघा चार सेंटिमीटर भरतो. म्हणजे नियमानें बांधलेला गतिरोधक खालीं बसविलेल्या मोटारीचा शत्रू नव्हे. शत्रू आहे तो गल्लीच्या तोंडाशीं रहिवाशांनीं रातोरात गिट्टी व डांबर टाकून उभा केलेला वीतभर रुंदीचा बांध. तो दहा सेंटिमीटर उंच असला तर सगळे दहा सेंटिमीटर पोटाला लागतात. म्हणून मालकानें आपल्या घरापासून हमरस्त्यापर्यंतचे सर्व उंचवटे एकदां पट्टीनें मोजावे, त्यांतील सर्वांत वाईट जो असेल त्यांत निदान तीन सेंटिमीटर मिळवावे, आणि पांच माणसें बसलेली असतांना मोटारीचें पोट तेवढ्या उंचीवर राहील असें पाहावें. ही उंची रिकाम्या मोटारीची धरूं नये. वरात रिकामी जात नाहीं.

उंचीची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती टायर फुटल्यावर कळते. हवा गेली कीं रिम जवळजवळ जमिनीला टेकते. त्या वेळीं स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकची नळी, तेलपात्र किंवा दुसरा कोणताही भाग रिमेच्या खालच्या कडेहून खालीं असला, तर तो रस्त्यावर घासतो. आणि ऐंशीच्या वेगांत स्टिअरिंगचा दांडा घासणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. कॅलिफोर्निया राज्यानें १९५८ सालापासून, रिमेच्या खालच्या कडेखालीं मोटारीचा कोणताही भाग येईल असा बदल करण्यास कायद्यानें बंदी केली होती. त्या कायद्याचा जांच कोणाला अधिक व्हावयाचा याविषयीं तेथें पुष्कळ वाद झाला, आणि २०२४ पासून तो उठविण्यांत आला; त्यामागील भूमिति मात्र उठलेली नाहीं. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, ही मर्यादा टायर बदलून पाळतां येत नाहीं. टायर लहान असो वा मोठा, रिम आणि आंस यांचें अंतर तेंच राहतें. ही मर्यादा स्प्रिंगांनींच पाळावी लागते.

स्प्रिंग कापण्याविषयींही दोन शब्द येथें आवश्यक आहेत. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगेचा एक वेढा कापला तर उरलेली स्प्रिंग सातव्या हिश्शानें अधिक ताठ होते. अर्थात् ती थोडी कमी दबते, व हें कांहींसें सोयीचेंच असतें. परंतु गॅसच्या ज्वाळेनें स्प्रिंग तापवून खालीं बसविणें हा प्रकार पोलादाचें पाणीच उतरवितो; ती पुढें कधीं व कितपत बसेल याचा भरंवसा नाहीं. मागच्या कमानीचा पाटा काढून टाकणें हेंही तसेंच. शिवाय पुढचा सांगाडा खालीं आला म्हणजे चाकांचे माथे आंत कलतात आणि टायर आंतल्या कडेनें झिजतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो नवा दिसतो. आंत हात घालून चांचपावें तों तारा लागतात. म्हणून गाडी खालीं बसविल्यावर अलाइनमेंट करून घेतल्यावांचून ती बाहेर काढूं नये, आणि पुढें दर दोन-तीन महिन्यांनीं आंतली कड हातानें पाहावी.

टायर मडगार्डास घासतो कीं नाहीं हें उभ्या गाडीवर कळत नाहीं. कणकेचे किंवा शाडूचे गोळे मडगार्डाच्या आंतल्या कडेस चिकटवावे, मागें तीन व पुढें दोन माणसें बसवावीं, स्टिअरिंग एकदां डाव्या व एकदां उजव्या टोकास नेऊन एखाद्या उतारावरून गाडी तिरपी काढावी. गोळा दबला तर तेथें टायर पोंचतो. बोटभर जाडीचा गोळा शाबूत राहिला तर ती जागा सुरक्षित समजावी. मडगार्डाची कड ठोकून आंत वळविण्याचा सल्ला गॅरेजांत हटकून मिळतो. तो घेण्यापूर्वीं सांगाडा एक सेंटिमीटर वर उचलून पाहावा, कारण पत्रा परत सरळ होत नाहीं.

टायराची बांधणी हा पुढचा प्रश्न. जुन्या बांधणींत दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे चढविलेले असतात. रेडियलमध्यें ते कडेपासून कडेपर्यंत आडवे जातात व वर पोलादी पट्टा असतो. ही रेडियल रचना फ्रान्सच्या मिशलॅं कंपनीनें १९४६ ते १९४८ च्या सुमारास प्रचारांत आणली. हे दोरे पूर्वीं कापसाचे असत, ही गोष्ट वऱ्हाडांतील माणसास मौजेची वाटेल. अमरावतीचा कापूस 'ऊमरा' या नांवानें लिव्हरपूलपर्यंत ओळखला जाई. पण त्याचा धागा आंखूड. टायराला लांब धाग्याचा मिसरी कापूस लागे, आणि पहिल्या महायुद्धांत तो मिळेनासा झाला तेव्हां अमेरिकेच्या गुडइअर कंपनीनें १९१६ नंतर ॲरिझोनाच्या वाळवंटांत स्वतःच्या कापसाची शेती उभी केली. नंतर रेयॉन आलें, नायलॉन आलें, आणि कापूस टायरांतून गेला. वऱ्हाडचा कापूस टायरांत जाण्याची वेळ बहुधा आलीच नाहीं. असो.

नायलॉनच्या जुन्या बांधणीचा टायर महिनोन्महिने एका जागीं उभा राहिला कीं त्याला खालीं सपाटी येते, आणि पहिले कांहीं किलोमीटर गाडी ठक्ठक् करीत चालते. रेडियलमध्यें हा दोष थोडा. रेडियल रस्ताही अधिक धरतो, विशेषतः चिखलदऱ्याच्या घाटांत पावसाळ्यांत तो फरक स्पष्ट जाणवतो. म्हणून फिरावयाच्या गाडीस चारही चाकांना रेडियल घालणें उत्तम. केवळ प्रदर्शनांत उभी करावयाची असेल तर मूळ बांधणीचा टायर मिळाल्यास तोच शोभेल. परंतु दोन्हींची सरमिसळ करूं नये. एका आंसावर दोन बांधणींचे टायर कधींही नकोत; आणि नाइलाजानें दोन रेडियल व दोन जुने असे वापरावे लागले तर रेडियल मागें असावे. पुढें रेडियल व मागें जुने असले, तर पुढची चाकें वळण घट्ट धरतात, मागचीं निसटतात, आणि गाडी आपल्याभोंवतीं फिरूं पाहते. पैसे वांचविण्यासाठीं यंदा पुढचे दोन व पुढील वर्षीं मागचे दोन, असा बेत करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

नव्या बिनट्यूबच्या टायरांना जशी रिम लागते तशी फियाटीच्या जुन्या रिमेची ठेवण नसते. कड टायरास धरून ठेवणारा उंचवटा तिच्यांत नसतो, आणि रिव्हेटांच्या सांध्यांतून हवा झिरपते. म्हणून रेडियल टायरांतही ट्यूब घालावी, ती रेडियलसाठींच बनविलेली असावी, आणि आंतून गंज खरवडून, रंगवून, मगच ती चढवावी. गंजाच्या खपल्यांनीं ट्यूब कांचून पंक्चर होते व दोष विनाकारण टायराला लागतो.

अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढें जातो, याचाही टायरांशीं निकट संबंध आहे. डिसेंबरांत पहांटे बारा अंशांवर २६ पौंड हवा भरली आणि तीच मेच्या दुपारीं चव्वेचाळीस अंशांवर मोजली, तर गाडी जागची हालली नसतांही कांटा तिसाच्या थोडा पुढें जातो. धांवतांना तो आणखी चढतो. घाबरून तापलेल्या टायरांतून हवा सोडणारे पुष्कळ असतात. ती चूक आहे. सकाळीं थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा ठरतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक वांकतो, वांकल्यानें तापतो, आणि उन्हाळ्यांत फुटणारे टायर बहुधा याच वाटेनें जातात. हवा सकाळीं, गाडी चालण्यापूर्वीं भरावी, आणि दर पंधरवड्यास पाहावी. खालीं बसविलेल्या गाडींत कमी हवेचें आणखी एक पाप असें कीं, ती मोजून ठेवलेली उंची गुपचूप खाऊन टाकते.

जुन्या मोटारी थोड्या चालतात, म्हणून त्यांचे टायर झिजून मरत नाहींत. ते वयानें मरतात. खांचा नव्यासारख्या दिसत असतां भिंतीवर केसांएवढ्या भेगा पडतात. टायराच्या भिंतीवर शेवटीं चार आंकड्यांचा एक समूह असतो: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खरेदीच्या वेळीं हा आंकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत. पांच वर्षांनंतर दरसाल जाणत्याकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांनंतर तो कितीही चांगला दिसला तरी उतरवावा. खांच १.६ मिलिमीटरांवर आली कीं वयाचा विचार करावयाचें कारणच उरत नाहीं. पांढऱ्या पट्टीचे परदेशी टायर जुन्या मोटारीला खुलून दिसतात खरे; परंतु जून २०२० मध्यें सरकारनें टायरांच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हांपासून ते मिळविणें अवघड झालें, आणि कोणाच्या तरी कपाटांत दहा वर्षें पडलेला टायर 'नवा' म्हणून विकला जाण्याचा संभव वाढला. मानक संस्थेचें आय.एस.आय. चिन्ह असलेला, यंदाच्या सालचा, साधा काळा टायर अशा पांढऱ्या पट्टीहून शतपट बरा.

कायद्याची बाजूही थोडी नाजूक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील, उत्पादकानें ठरविलेल्या तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा बदल करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. एम.एच. २७ असो कीं एम.एच. ३०, पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी तपासनिसापुढें न्यावीच लागते. २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांवरील गाड्यांना ऐतिहासिक मोटार म्हणून स्वतंत्र नोंदणीची सोय केली. पण त्यासाठीं सांगाडा, कवच व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. १९७० च्या सुमाराची फियाट आतां त्या वयाला पोंचली आहे. ज्या नातवानें आज हौसेनें सांगाडा कापला त्यानें ती वाट स्वतःच्या हातानें बंद केली. म्हणून जें करावयाचें तें उलटवितां येईल असेंच करावें: मूळ स्प्रिंग न कापतां दुसरी आणून ती आंखूड करावी, मूळ स्प्रिंगांना ग्रीज फांसून, गोणपाटांत गुंडाळून, घरांत ठेवावें, आणि मूळ रिमा विकूं नयेत.

राहतां राहिलें पांचवें चाक. चार टायर नवे घेतले आणि डिकींत तीस वर्षांचा मूळ टायर तसाच राहूं दिला, असें नेहमीं घडतें. तोही चौघांच्याच मापाचा व बांधणीचा हवा. आणि ज्या दिवशीं गाडी खालीं बसवून मिळेल त्या दिवशीं, गॅरेजच्या दारांतच, एका चाकांतील सगळी हवा सोडून जॅक खालीं जातो कीं नाहीं तें पाहावें. फियाटीचा जुना जॅक बसक्या टायराच्या गाडीखालीं बहुधा शिरत नाहीं. हा शोध बोरगांव मंजूच्या पुढें, दुपारीं दोन वाजतां, मागच्या बैठकीवर आजी बसलेली असतांना लागण्यापेक्षां तेथेंच लागलेला बरा.